एक एज काढली की एक रंग वाचतो का? सी-५, के-५ आणि पीटरसन ग्राफबद्दल सविस्तर

तुझा प्रश्न एज कलरिंगचा, म्हणजे बिंदू (व्हर्टेक्स) आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा (एज) मिळून जो ग्राफ होतो त्यातल्या एजेस रंगवायचा. थोडक्यात असा की सी-५ (पाच बिंदूंचा बंद फेरा) मधून कुठलीही एक एज काढली की ३ ऐवजी २ रंगात काम होऊन जाते, पण के-५ (पाच बिंदू, प्रत्येक जोडीत एज) मधून एक काढली तरी ५ चे ५ च राहतात, आणि पीटरसन ग्राफमधून (१० बिंदूंचा, त्याचं चित्र खाली येते) एक काढली तरी ४ चे ४ च, तर मग याला काही नियम आहे की नाही, आणि किती एजेस काढल्यावर रंग कमी होईल हे आधी सांगता येते का. मी नागपुरातच एमएस्सीच्या पोरांना ग्राफ थिअरी शिकवतो आणि त्याच्याच जोडीला इंटरकॉलेज स्पर्धांचे ड्रॉ अन् टाइमटेबल पण लावून देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर फळ्यावर पण येते आणि मैदानावर पण. म्हणून थोडं लांबवर लिहून राहिलो, वेळ काढून वही-पेन घेऊन वाच.

एका ओळीत उत्तर पाहिजे असेल तर हे घे: एक एज काढून फार तर एक रंग वाचतो, वाचेलच असं नाही, आणि वाचेल की नाही हे तो जास्तीचा रंग मुळात कशामुळे लागून राहिला होता त्यावर ठरते. कारणं वेगवेगळी असतात. कधी एखाद्या व्हर्टेक्सची डिग्रीच, म्हणजे त्यावरच्या एजेसची संख्याच, तेवढी असते, कधी एजेस इतक्या जास्त असतात की तेवढ्या रंगात त्या मावतच नाहीत, आणि कधी हे दोन्ही नसूनही ग्राफच्या रचनेतच सम-विषमची अशी गाठ असते की रंग बसत नाही. तुझी सी-५ आणि के-५ दुसऱ्या प्रकारात येतात, पीटरसन तिसऱ्या.

आधी बेसिक एकदा पक्कं करू. एज कलरिंग म्हणजे एका व्हर्टेक्सवर मिळणाऱ्या दोन एजेसना एकच रंग द्यायचा नाही. असे कमीत कमी किती रंग लागतात तो क्रोमॅटिक इंडेक्स. सगळ्यात मोठी डिग्री डेल्टा धरली तर निदान डेल्टा रंग लागणारच, कारण त्या व्हर्टेक्सवरच्या सगळ्या एजेस वेगळ्या रंगाच्या पाहिजेत. आणि विझिंगने १९६४ मध्ये दाखवलं की साध्या ग्राफला, म्हणजे ज्यात दोन व्हर्टेक्समध्ये एकापेक्षा जास्त एज नाही अशाला, डेल्टा + १ मध्ये नेहमीच भागते. हाच निकाल स्वतंत्रपणे आर. पी. गुप्ता यांनी पण काढला, त्यांचा १९६७ चा प्रबंध मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला आहे, आणि आपल्याकडच्या पोरांना हे सांगितलंच जात नाही याचं मला खरंच वाईट वाटते. तर डेल्टामध्ये झालं तो क्लास १, डेल्टा + १ लागले तो क्लास २. बस, दोनच शक्यता, पण त्यातली कोणती हे ठरवणं सोपं नाही, त्यावर खाली येतो.

आता एज काढण्याबद्दल. काढल्याने रंग वाढू तर शकत नाही, जुनंच रंगकाम उरलेल्या एजेसवर तसंच चालते. आणि एकापेक्षा जास्त कमी पण होऊ शकत नाही, कारण समज काढल्यावर उरलेला ग्राफ के इतक्या रंगांत झाला, तर काढलेली एज परत ठेव आणि तिला एक कोरा रंग दे, मूळ ग्राफ के + १ मध्ये झाला. हाच युक्तिवाद पूर्ण मॅचिंगला पण लागू होते, एकमेकींना न चिकटलेल्या कितीही एजेस एकदम काढल्या तरी फार तर एकच रंग वाचतो, कारण परत ठेवताना सगळ्यांना मिळून एकच नवा रंग पुरतो. हे नीट लक्षात ठेव.

पण एक ठिकाण असं आहे जिथे पोरं हमखास अडकतात. रंगांची संख्या एजेस काढल्यावर वाढत नाही हे खरं, पण क्लास मात्र बिघडू शकते. के-६ क्लास १ आहे, डेल्टा ५ आणि रंग पण ५. त्यातल्या एका व्हर्टेक्सच्या पाचही एजेस काढून टाक. उरला के-५ आणि एक एकटा बिंदू. डेल्टा ५ वरून ४ वर आला, पण के-५ ला रंग ५ च लागतात, म्हणजे पाच एजेस काढून एकही रंग वाचला नाही आणि वरून ग्राफ क्लास २ झाला. त्यामुळे क्लास १ ग्राफचा सबग्राफ क्लास १ असं कुठे लिहून देऊ नको, ते चूक आहे.

हेच स्पर्धेच्या भाषेत बघ म्हणजे डोक्यात बसेल. टीम म्हणजे व्हर्टेक्स, मॅच म्हणजे एज, आणि रंग म्हणजे राउंड, एका राउंडमध्ये एक टीम एकच मॅच खेळेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जाते, दुपारी मैदानावर कोणी उभं राहू शकत नाही, म्हणून मॅचेस एकतर सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, आणि दर राउंडला एक सकाळ किंवा एक संध्याकाळ जाते. म्हणून आयोजकांचा सगळा जीव राउंड कमी करण्यात असते. सहा टीमची कबड्डी लीग ठेवली, १५ मॅचेस, ५ राउंड, दर राउंडला ३ मॅच. ऐन वेळी एक टीम आली नाही. सगळ्यांना वाटते चला, पाच मॅचेस कमी झाल्या, एखादी संध्याकाळ तरी वाचली. नाही वाचत! पाच टीमना पण ५ च राउंड लागतात, फक्त आता दर राउंडला एक टीम बसून राहते. के-६ मधून के-५ झाला, बाकी काही नाही.

आता मोजणीवाली अडचण. एका रंगाच्या एजेस एकमेकींना चिकटत नाहीत, म्हणून प्रत्येक एज दोन व्हर्टेक्स खाते, आणि एन व्हर्टेक्समध्ये एका रंगाच्या जास्तीत जास्त एन भागिले २ एजेस मावतात, एन विषम असेल तर त्याचा खालचा पूर्णांक. के-५ मध्ये एका रंगात २ च एजेस. डेल्टा ४, म्हणजे ४ रंगात फार तर ८ एजेस, आणि आहेत १०. दोन बाहेर राहिल्या. म्हणून एक काढून काही होत नाही, ९ पण ८ पेक्षा जास्तच आहे, ५ वा रंग लागणारच. दोन काढल्या की ८ ला ८. अशा ग्राफला ओव्हरफुल म्हणतात, म्हणजे एन भागिले २ चा खालचा पूर्णांक गुणिले डेल्टा, त्यापेक्षा एजेस जास्त असलेला.

आता मोजणी जुळली म्हणजे रंग बसतीलच असं नसते, पण के-५ मध्ये बसतात, करून बघ. व्हर्टेक्स १ ते ५ घे. समज १-२ आणि ३-४ या दोन एजेस काढल्या. पहिल्या रंगात १-५ आणि २-३, दुसऱ्यात २-५ आणि १-४, तिसऱ्यात ३-५ आणि २-४, चौथ्यात ४-५ आणि १-३. आठही एजेस आल्या, ४ रंग. काढलेल्या दोन एजेस एकाच व्हर्टेक्सवरच्या असतील, समज १-२ आणि १-३, तरी जमते: १-४ सोबत २-५, १-५ सोबत ३-४, २-४ सोबत ३-५, २-३ सोबत ४-५. दोन एजेस काढायच्या याच दोन तऱ्हा आहेत, म्हणजे के-५ मधून कुठल्याही दोन काढा, चालते.

विषम संख्येच्या प्रत्येक पूर्ण ग्राफला हेच लागू आहे. व्हर्टेक्स २ एम + १ असतील तर निदान एम एजेस काढाव्याच लागतात, आणि प्लँटहोल्टने १९८१ मध्ये सिद्ध केलेल्या निकालातून निघते की कुठल्याही एम काढल्या तरी पुरे. म्हणजे सात टीमच्या लीगमध्ये २१ मॅचेस, ७ राउंड, एक राउंड वाचवायचा तर ३ मॅचेस रद्द करा, कुठल्याही ३. जवळच्या दोन कॉलेजच्या असोत की एकाच टीमच्या तिन्ही असोत, काही फरक पडत नाही.

आणि तुझी सी-५ पण याच घरातली आहे. विषम व्हर्टेक्सचा रेग्युलर ग्राफ, प्रत्येकाची डिग्री आर, तर एजेस आर गुणिले एन भागिले २, आणि जागा आर गुणिले (एन वजा १) भागिले २, फरक आर भागिले २. म्हणून आर रंगांवर यायचं असेल तर निदान आर भागिले २ एजेस काढाव्या लागतात. सी-५ ला आर २, म्हणून एक. के-५ ला आर ४, म्हणून दोन. तुला वाटलं दोन ग्राफ वेगळं वागून राहिले, पण नियम एकच आहे, फक्त आकडा वेगळा.

आता सम संख्या घे, सहा टीम. के-६ ला ५ राउंड, ४ वर आणायचे आहेत. आता इथे अडचण मोजणीची नाही, सरळ डिग्रीची आहे: प्रत्येक टीमच्या ५ मॅचेस, म्हणून ५ राउंड. ४ राउंडमध्ये करायचं तर प्रत्येक टीमची एक मॅच गेलीच पाहिजे. सहा टीम, म्हणून निदान ३ मॅचेस, आणि त्या ३ अशा पाहिजेत की सहाही टीम त्यात येतील. एकाच टीमच्या तीन मॅचेस रद्द केल्या तर उरलेल्यातल्या दोन टीमच्या अजून पाच-पाच मॅचेस आहेत, राउंड ५ चे ५. सात टीममध्ये कुठल्याही तीन चालतात, सहा टीममध्ये नेमक्या तीन लागतात, आकडा तोच आणि गोष्ट पूर्ण उलटी. ड्रॉ काढणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटते.

डिग्रीची अडचण सगळ्यात स्वच्छ दिसते बायपार्टाइट ग्राफमध्ये, म्हणजे व्हर्टेक्सचे दोन गट आणि प्रत्येक एज एका गटातून दुसऱ्या गटात, जसं कॉलेजचं टाइमटेबल. एका बाजूला शिक्षक, दुसऱ्या बाजूला वर्ग, प्रत्येक तास म्हणजे एक एज. कोनिगने १९१६ मध्येच सांगून ठेवलं की बायपार्टाइट ग्राफला नेहमी डेल्टाच रंग पुरतात, आणि दोन व्हर्टेक्समध्ये एकापेक्षा जास्त एजेस असल्या तरी. त्यामुळे इथे नियम अगदी कोरा आहे: एक रंग वाचवायचा असेल तर काढलेल्या एजेसनी सगळ्या कमाल डिग्रीच्या व्हर्टेक्सना हात लावला पाहिजे, आणि तेवढं केलं की झालंच. एकही असा शिक्षक किंवा वर्ग सुटला तर दुसरीकडचे कितीही तास कापा, एक पिरियड कमी होणार नाही. एचओडी लोक नेहमी ज्याचा आवाज मोठा त्याचा तास कमी करतात, पण बघायला पाहिजे की सगळ्यात भरलेलं कोण कोण आहे. एक मात्र खरं की अमुक सरांना मंगळवारी नको, तमुक मॅडमना सकाळी नको अशा अटी आल्या की कोनिग मदतीला येत नाही, अटींसकट टाइमटेबलचा प्रश्न एनपी-कंप्लीट आहे (म्हणजे असा अवघड की झटपट सोडवायची पद्धत कोणाला माहीत नाही) हे १९७६ मध्येच दाखवलेलं आहे.

कोनिगची सिद्धता इथेच सांगून टाकतो कारण ती पूर्ण एज काढून परत ठेवण्यावर उभी आहे, आणि तुझ्या विषयाचा हा गाभा आहे. बायपार्टाइट ग्राफमधून अ-ब ही एज काढ, उरलेला ग्राफ डेल्टा रंगात झालेला आहे असं धर. अ वर आता डेल्टापेक्षा कमी एजेस आहेत, म्हणून तिथे एखादा रंग मोकळा आहे, समज लाल. ब वर पण एखादा मोकळा आहे, समज निळा. लालच ब वर पण मोकळा असेल तर अ-ब ला लाल दे, संपलं. नसेल तर ब पासून लाल-निळी-लाल-निळी अशी साखळी धरून चालत जा, जिथे थांबेल तिथे थांबेल. ही साखळी अ वर जाऊन पोचेल का? अ वर लाल नाही, म्हणून पोचलीच तर निळ्या एजने पोचेल, म्हणजे लालने सुरू आणि निळ्याने शेवट, एजेस सम, त्यात अ-ब मिळवली की विषम लांबीचं सायकल, म्हणजे बंद फेरा, आणि बायपार्टाइटमध्ये ते नसतेच. म्हणून साखळी अ ला शिवत नाही. मग त्या साखळीत लालचं निळं अन् निळ्याचं लाल करून टाक, ब वर लाल मोकळा झाला, अ-ब लाल. बघ किती सुंदर आहे! विझिंगने पण हेच केलं, फक्त साधारण ग्राफमध्ये विषम सायकल आडवं येते म्हणून त्याला एक रंग जास्तीचा ठेवावा लागला आणि एकाच व्हर्टेक्सवरच्या एजेसचा पंखा करून एकेकीचा रंग पुढच्या एजकडून घेत सरकवावा लागला.

आता पीटरसन, ज्याच्यासाठी तू खरा अडून बसला आहेस. १८९८ चा ग्राफ, १० व्हर्टेक्स, १५ एजेस, प्रत्येक डिग्री ३. ३ रंगात १५ एजेसची जागा बरोबर आहे, दर रंगाला ५. मोजणी आडवी येत नाही, तरी ४ रंग लागतात. हे प्रत्येक पुस्तकात आहे, ते धरून चालू. प्रश्न एक काढली तर काय. आणि याचं उत्तर फक्त पीटरसनला नाही, प्रत्येक क्युबिक ग्राफला, म्हणजे सगळ्या डिग्री ३ असलेल्या ग्राफला लागू आहे: ३ रंगात न बसणाऱ्या क्युबिक ग्राफमधून एक एज काढून तो कधीच ३ रंगात बसत नाही. कधीच.

कारण बघ. व्हर्टेक्सची संख्या सम असते, कारण तीन गुणिले एन म्हणजे एजेसची दुप्पट. अ-ब काढून उरलेला ग्राफ लाल, निळा, हिरवा या ३ रंगात झाला असं समज. अ आणि ब सोडून प्रत्येक व्हर्टेक्सला तिन्ही रंग लागलेले आहेत. अ वर एक रंग नाही, ब वर एक रंग नाही. आता अ वर लाल नाही असं धर. लाल एज दोन-दोन व्हर्टेक्स व्यापते, म्हणून लाल ज्यांना लागला त्यांची संख्या सम, एकूण पण सम, म्हणून लाल ज्यांना नाही त्यांची संख्या पण सम. अ तर त्यात आहेच, मग दुसरा कोण असू शकते? फक्त ब. म्हणजे ब वर पण लालच नाही, मग अ-ब लाच लाल देऊन टाक, पूर्ण ग्राफ ३ रंगात झाला, जे होत नाही असं आपण म्हणालो होतो. संपलं.

आता याच्या पुढची पायरी, जी मला स्वतःला फार आवडते. पीटरसनमधून एक पूर्ण व्हर्टेक्स काढ, म्हणजे त्याच्या तिन्ही एजेस. उरले ९ व्हर्टेक्स, १२ एजेस, आणि ३ रंगात जागा पण ३ गुणिले ४ म्हणजे १२. तरी बसत नाही! कारण डिग्री २ चे तीन व्हर्टेक्स उरले, प्रत्येकावर एक रंग नाही. व्हर्टेक्स ९, विषम, म्हणून प्रत्येक रंग ज्यांना नाही त्यांची संख्या विषम, तीन रंग आणि तीनच जागा, म्हणून प्रत्येक रंग बरोबर एकाच ठिकाणी नाही. मग काढलेला व्हर्टेक्स परत आणून त्याच्या तीन एजेसना ते तीन वेगळे रंग दे, पीटरसन ३ रंगात झाला, अशक्य. म्हणजे तीन एजेस काढूनही एक रंग वाचला नाही.

आणि नीट निवडल्या तर दोनच पुरतात. नेहमीचं चित्र काढ, बाहेर पंचकोन, आत चांदणी, मध्ये पाच जोडणाऱ्या एजेस. पाचही जोडणाऱ्यांना लाल दे. बाहेरच्या पंचकोनातली एक एज काढ, उरलेल्या चार निळ्या-हिरव्या आळीपाळीने. आतल्या चांदणीतली पण कुठलीही एक काढ, तेच कर. झाले ३ रंग. पीटरसनमध्ये सममिती इतकी आहे की एकमेकींना न चिकटलेल्या कुठल्याही दोन एजेस अशा चित्रात एक बाहेर एक आत अशा आणता येतात, म्हणून अशा कुठल्याही दोन चालतात, पण एकाच व्हर्टेक्सवरच्या दोन चालत नाहीत, कारण मग वरचा ९ व्हर्टेक्सचा ग्राफ त्यात तसाच बसलेला राहते. किती काढल्या याच्यापेक्षा कुठून काढल्या हे इथे जास्त बोलते.

यावरून क्रिटिकल ग्राफ काय हे आता सोपं जाईल. जोडलेला क्लास २ ग्राफ, ज्यातली कुठलीही एक एज काढली की रंग कमी होतो, तो क्रिटिकल. सी-५ क्रिटिकल आहे. के-५ नाही, पण के-५ मधून एक एज काढून जो उरते तो आहे, कारण त्याच्यातून अजून कुठलीही काढली की ८ एजेस आणि ४ रंग. पीटरसन नाही, पण त्यातून एक व्हर्टेक्स काढलेला आहे. म्हणजे तुझ्या तिन्ही उदाहरणांत क्रिटिकल ग्राफ आहे, कुठे उघडा, कुठे पोटात लपलेला. प्रत्येक क्लास २ ग्राफच्या आत त्याच डेल्टाचा एक तरी क्रिटिकल ग्राफ असतोच, आणि एज काढून डेल्टावर यायचं म्हणजे असे सगळे तोडायचे.

विझिंगने क्रिटिकल ग्राफबद्दल जे लेमा, म्हणजे मदतीचं छोटं प्रमेय, दिलं त्याचा कामाचा भाग इतकाच की त्यात प्रत्येक व्हर्टेक्सच्या शेजारी कमाल डिग्रीचे निदान दोन व्हर्टेक्स असतात. मग कमाल डिग्रीच्या व्हर्टेक्समध्येच फिरत राहिलो तर प्रत्येकाला असे दोन शेजारी, म्हणजे कुठेतरी सायकल बंद होणारच. उलटं वाचलं तर फूर्निएचा निकाल मिळते: कमाल डिग्रीच्या व्हर्टेक्समध्ये आपसात एकही सायकल नसेल तर ग्राफ क्लास १. प्रत्यक्षात हे फार उपयोगी आहे, ड्रॉ बघताना आधी सगळ्यात जास्त मॅचेस असलेल्या टीमवर खूण करायची, त्यांच्या आपसातल्या मॅचेसचं जाळं बघायचं, आणि रद्द करायचीच असेल तर त्या जाळ्यातली एज आधी. बाहेरच्या कमी डिग्रीवाल्यांची मॅच कापण्यात सहसा काही पडत नाही.

जास्तीत जास्त किती काढाव्या लागतील? याला छान सोपी मर्यादा आहे. विझिंगनुसार ग्राफ डेल्टा + १ रंगात कर. ज्या रंगाच्या सगळ्यात कमी एजेस आहेत त्या सगळ्या काढ, डेल्टा रंगाचा उरला. त्या एजेस एकूण भागिले डेल्टा + १ च्या वर नसतात. सी-५ ला ५ भागिले ३, म्हणजे १. के-५ ला १० भागिले ५, म्हणजे २. दोन्हीकडे हेच खरं उत्तर आहे. पीटरसनला १५ भागिले ४, म्हणजे ३, आणि खरं उत्तर २. म्हणजे मर्यादा नेहमी नेमकी नसते, पण जवळ आणून सोडते.

नेमका आकडा प्रत्येक ग्राफसाठी काढायची सोपी पद्धत मागू नको, कारण होल्यरने १९८१ मध्ये दाखवलं की क्युबिक ग्राफ ३ रंगात बसतो की नाही हे ठरवणंच एनपी-कंप्लीट आहे. डेल्टा + १ मध्ये करणं मात्र सोपं आहे, मिश्रा आणि ग्रीस यांची १९९२ ची पद्धत आहे, प्रोग्राम करायला अवघड नाही, तुझ्या प्रोजेक्टला तीच घे. आणि एर्डॉश-विल्सनने १९७७ मध्ये सिद्ध केल्याप्रमाणे जवळजवळ सगळे ग्राफ क्लास १ असतात, म्हणून रँडम ग्राफ घेऊन कोड चालवशील तर क्लास २ तुला दिसणारच नाही आणि कोड बरोबर आहे की नाही ते कळणार नाही. टेस्टसाठी मुद्दाम के-५ वजा एक एज, के-७ वजा दोन, आणि पीटरसन वजा एक व्हर्टेक्स हे टाक.

मैदानं कमी असतील तर काय हे पण विचारलं जाते. एका वेळी एल मॅचेसच होऊ शकतात, तर राउंड म्हणजे क्रोमॅटिक इंडेक्स आणि एकूण मॅचेस भागिले एल, वरचा पूर्णांक, यातलं जे मोठं ते. लाल-निळ्या साखळ्या उलटवून सगळ्या रंगांच्या एजेस जवळजवळ सारख्या करता येतात, फरक फार तर एकाचा, म्हणून हे नेहमी साधते. सात टीम आणि दोनच मैदानं असतील तर २१ भागिले २, म्हणजे ११ राउंड, आणि तिथे एक मॅच कमी केली की लगेच १० होतात, कारण आता अडचण मैदानांची आहे, ग्राफची राहिलीच नाही.

शेवटचं म्हणजे वरचं बहुतेक सगळं साध्या ग्राफसाठी आहे, कोनिग सोडून. दोन व्हर्टेक्समध्ये जास्त एजेस आल्या की विझिंगचं डेल्टा + १ टिकत नाही, तिथे शॅननची १९४९ ची मर्यादा आहे, डेल्टाच्या दीडपट. त्रिकोण घे आणि प्रत्येक बाजूला दोन-दोन एजेस ठेव, सहा एजेस, डेल्टा ४, पण कुठल्याही दोन एजेस कुठेतरी चिकटतातच म्हणून सहाच्या सहा रंग. इथे तू जे सुरुवातीला धरून चालला होतास तेच होते, कुठलीही एक एज काढ, एक रंग कमी, दुसरी काढ, अजून एक कमी, दरवेळी, शेवटच्या एजपर्यंत.